कॅलिफोर्निया सोडायचं का? जायचा हिशोब सगळे करतात, परत यायचा पण करा

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. एक ताई, वय ४४, नवरा ४६, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला २००९ पासून राहतात, दोघंही आता अमेरिकेचे सिटिझन. घर २०१२ साली साडेसहा लाख डॉलरला घेतलं (पुढचे सगळे आकडे डॉलरमध्येच), आज सोळा लाखाला जाईल म्हणतात, लोन चार लाखाच्या आसपास बाकी आणि ते २०२१ मध्ये रिफायनान्स केलेलं, म्हणजे जुनं फेडून नवं घेतलेलं, २.७५ टक्के व्याजाने. दोघांचा मिळून वर्षाचा पगार ३ लाख २० हजार, त्यातला नवऱ्याचा १ लाख ९०. मोठा मुलगा दहावीत, मुलगी पाचवीत, सासूबाई दोन वर्षांपासून ग्रीनकार्डवर यांच्याकडेच. नवऱ्याच्या कंपनीचं ऑफिस टेक्सासमध्ये डॅलसजवळ आहे, तिकडे बदली मिळतेय पण पगार १० टक्के कमी होईल, ताईंना तिथे नवी नोकरी शोधावी लागेल. तिथल्याच फ्रिस्को गावात सात लाखात मोठं घर मिळतंय. "इथे काही उरत नाही, सगळे चाललेत, आम्ही पण जावं का?"

मी एन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे फेडरल (केंद्र) सरकारचा परवाना असलेली टॅक्स सल्लागार, बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, २२ वर्षं लोकांची टॅक्स रिटर्न भरते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर फेब्रुवारीत येतोच, विशेषतः डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद, हातात पडला की. आणि दरवेळी लोक एकच आकडा घेऊन येतात, कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स. तिकडे शून्य, इकडे वीस हजार, मग विचार कसला करायचा? मला कोणाला थांबवायचं नाहीये, माझ्याच हाताने मी कितीतरी लोकांची शेवटची कॅलिफोर्निया रिटर्न भरली आहेत आणि त्यातले बरेच जण सुखात आहेत. पण तुमचा प्रश्न वाचून मला काळजी वाटली ती यासाठी की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळताय, राज्य बदलल्याने वाचणारे पैसे आणि घर विकल्याने हातात येणारे पैसे.

आधी पहिलं. तुमच्या पगारावर कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स साधारण २० हजार पडतो. त्यावर एसडीआय, म्हणजे आजारपणातल्या भत्त्यासाठी राज्य पगारातून कापतं तो विमा, त्याची वरची मर्यादा २०२४ पासून काढून टाकली म्हणून आता सगळ्या पगारावर कापतात, २०२५ चा दर १.२ टक्के, म्हणजे अजून पावणेचार-चार हजार. एकूण २४ हजार धरा. टेक्सासमध्ये हे दोन्ही शून्य, मान्य. पण प्रॉपर्टी टॅक्स बघा. तुमचं घर प्रॉपोझिशन १३ खाली आहे, १९७८ चा कायदा, घराची टॅक्ससाठीची किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. साडेसहा लाखाचं घर तेरा वर्षांत काउंटीच्या वहीत फार तर ८ लाख ४० हजाराला पोचलंय, त्यावर १.२ टक्क्यांच्या आसपास धरला तर दहा हजार. शेजारचं अगदी तसंच घर आज कोणी सोळा लाखाला घेतलं तर त्याला १९ हजार येतील. फ्रिस्कोतल्या सात लाखाच्या घराला २ टक्के धरले आणि होमस्टेड एक्झम्प्शन, म्हणजे स्वतः राहत्या घराची सूट, वजा केलं (२०२५ पासून शाळेच्या टॅक्सपुरती १ लाख ४० हजाराची सूट) तरी साडेबारा हजार होतात. नवीन कॉलनीत एमयूडी असेल, म्हणजे पाणी-ड्रेनेजसाठी काढलेल्या बाँडचा टॅक्स, तर दर अजून वर जातो, घर बघायला गेलात की हा प्रश्न एजंटला पहिला विचारा. शिवाय तिथे टॅक्ससाठीची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, इथे २.

घराचा इन्शुरन्स तिथे जास्त बसतो, गारांमुळे. वर्षाला तीन हजार जास्त धरा, आणि पॉलिसीवर वारा-गारांचं डिडक्टिबल वेगळं लिहिलेलं असतं, बऱ्याचदा घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यात. २ टक्के असेल आणि विमा सात लाखाचा असेल तर १४ हजार आधी तुमच्या खिशातून, मग कंपनी छपराचे पैसे देणार. (इथेही इन्शुरन्सचं काही बरं चाललेलं नाही, २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी कॅलिफोर्नियात नव्या पॉलिसी देणं थांबवलं होतं, पण फ्रीमाँटच्या सपाट भागात तुमची जुनी पॉलिसी चालू आहे ती तशीच सांभाळा.)

तर २४ हजारातून प्रॉपर्टी टॅक्सचे जादा अडीच गेले, इन्शुरन्सचे तीन गेले, उरले साडेअठरा. नवऱ्याचा पगार १९ हजाराने कमी होणार, फेडरल टॅक्स वगैरे जाऊन हातात १४ हजार कमी येतील. उरले साडेचार. आणि २०२५ पासून फेडरल रिटर्नवर स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्सची वजावट दहा हजाराऐवजी ४० हजारापर्यंत मिळते, त्यामुळे तुम्ही इथे जे भरता त्यातलं तीन हजार तरी फेडरलमध्ये परत येतं. म्हणजे राज्य बदलल्याचा तुमचा खरा फायदा वर्षाला एक-दीड हजार डॉलर. ताईंना नोकरी मिळायला सहा महिने लागले तर ते नुकसान या फायद्यातून पुढची कित्येक वर्षं भरून निघणार नाही.

मग लोकांना तिकडे गेल्यावर इतकं मोकळं का वाटतं? कारण घर. फ्रीमाँटचं घर सोळा लाखाला विकलं, कमिशन आणि बाकी खर्च ९० हजार, लोनचे चार लाख फेडले, नफ्यातले पाच लाख नवरा-बायको मिळून टॅक्स-फ्री, आणि नूतनीकरणाचे ६० हजार धरले तरी वरच्या साधारण तीन लाखांवर फेडरल १५ टक्के, ३.८ टक्के नेट इन्व्हेस्टमेंट इन्कम टॅक्स आणि कॅलिफोर्नियाचे ९.३, मिळून ८०-८५ हजार. तरी हातात दहा लाखाच्या वर येतात. सात लाखाचं घर रोखीने घेतलं, मॉर्गेज संपलं, तीन लाख खात्यात. मोकळं वाटणारच! पण हे पैसे टेक्सासने दिलेले नाहीत, ते तुमचेच आहेत, तेरा वर्षं हप्ते भरून साठवलेले, आणि ते ज्या रूपात होते ते रूप पुन्हा मिळणार नाही. कॅलिफोर्निया महाग आहे हे शंभर टक्के खरं, पण ती महागाई आज घर घ्यायला येणाऱ्याला आहे. तुम्ही २०१२ चे आहात. महिन्याला १,८०० च्या हप्त्यात तुम्ही फ्रीमाँटला राहताय, या भावात फ्रिस्कोतही चार बेडरूमचं घर भाड्याने मिळणार नाही.

आता परतीचा हिशोब करा, जो कोणी करत नाही. समजा तीन वर्षांनी यावंसं वाटलं. घराच्या किमती अजिबात वाढल्या नाहीत असं धरू, टेक्सासचं घर विकून दहाच्या दहा लाख परत ओतले असंही धरू, तरी सहा लाखाचं नवं लोन, साडेसहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला ३,८०० च्या जवळ, आणि प्रॉपर्टी टॅक्स दहाचा १९ हजार. त्याच घरासाठी. किमती वाढल्या असतील तर विचारूच नका.

माझ्याकडच्या एका जोडप्याने २०१६ ला सनीवेलचं घर ११ लाखाला विकलं आणि ऑस्टिनजवळ गेले. त्यांचं तिकडे काही वाईट झालं नाही, घर छान, मुलं छान. पण २०२१ मध्ये वहिनींच्या आईला पार्किन्सन्स निघाला, त्यांचा भाऊ आणि आई इकडेच, त्यामुळे परत यायचं ठरलं. त्या दिवशी माझ्या ऑफिसात त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, जुन्या घराचा शेवटचा प्रॉपर्टी टॅक्सचा कागद आणि त्याच गल्लीतल्या, चार घरं पलीकडच्या घराचं लिस्टिंग, १९ लाखाचं. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्या जुन्या कागदावरचा पत्ता बोटाने पुसल्यासारखं करत राहिल्या. शेवटी ते भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आले. तेव्हापासून मी कोणालाही घर विकण्याआधी सहा महिने तरी थांबायला सांगते.

तुमच्यासाठी यातून एक चांगला रस्ता आहे. घर विकू नका, भाड्याने द्या आणि तिकडे भाड्याने राहा. तो पाच लाखाचा टॅक्स-फ्री नियम असा आहे की विकायच्या आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिलेलं असलं पाहिजे. म्हणजे बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा व्यवहार पूर्ण, झालं तर सूट पूर्ण मिळते, एक दिवस उशीर झाला तर गेली, म्हणून मी क्लायंटला अडीच वर्षांची तारीख लिहून देते, कॅलेंडरवर, फ्रिजवर, जिथे दिसेल तिथे. घर भाड्याने दिलं म्हणून प्रॉपोझिशन १३ ची जुनी किंमत जात नाही, मालक बदलत नाही ना. २.७५ चं लोनही राहतं, तुम्ही रिफायनान्सनंतर तिथे राहिलेलाच आहात. साडेचार हजार भाडं आलं तर हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स, मॅनेजमेंट आणि किरकोळ दुरुस्ती निघून थोडं उरतं, फ्रिस्कोच्या भाड्याला हातभार लागतो.

यात तीन बारीक गोष्टी आहेत ज्यात लोक फसतात. भाड्याच्या काळात घराचा घसारा धरावाच लागतो आणि विकताना त्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स लागतो, पाच लाखाच्या सुटीत तो बसत नाही. दुसरं, भाडं हे कॅलिफोर्नियाचं उत्पन्न, तुम्ही चंद्रावर राहायला गेलात तरी, त्यामुळे दरवर्षी ५४० एनआर, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांचा कॅलिफोर्निया रिटर्नचा फॉर्म, भरायचा, आणि प्रॉपर्टी मॅनेजर ७ टक्के कापून सरकारला भरेल, ते नको असेल तर फॉर्म ५८८ ने आधीच सूट मागायची. तिसरं, २०२० पासून इथे भाडेकरू संरक्षणाचा कायदा आहे, एबी १४८२. तुमच्या नावावरचं स्वतंत्र घर त्यातून सुटतं, पण कधी, तर लीजमध्ये तसं ठरावीक शब्दांत लिहिलेलं असेल तरच. ते वाक्य लिहायचं राहिलं तर तुम्हाला परत यायचंय म्हणून भाडेकरूला सहज उठवता येत नाही. नेटवरून उतरवलेलं लीज वापरू नका, वकिलाला चारशे-पाचशे डॉलर द्या.

मुलाचं. खरं सांगू, तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जड वाटतो तो दहावीतला मुलगा. पैसे पुन्हा कमावता येतात, पण अकरावीत शाळा बदललेल्या मुलाचं वर्ष परत देता येत नाही. आणि यात कागदाचीही एक बाजू आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्या राज्याच्या मुलाला वर्षाला ३५ हजारांहून जास्त जादा फी आहे. तुम्ही आता गेलात तर दोन वर्षांनी बर्कली किंवा डेव्हिससाठी तो बाहेरचा. पण २००१ चा एबी ५४० नावाचा कायदा म्हणतो की ज्या मुलाने कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं काढली आणि इथूनच ग्रॅज्युएट झाला त्याला ही जादा फी माफ, आईवडील नंतर कुठेही राहोत. म्हणजे तो बारावी इथे पूर्ण करेल आणि मग तुम्ही निघालात तर त्याचं दार उघडं राहतं. अकरावी झाल्यावर निघालात तर नाही, कारण डिप्लोमा इथला हवा. टेक्सासच्या बाजूने बघायचं तर ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश हा राज्यातल्या शाळेच्या वरच्या ५ टक्के मुलांना, २०२६ च्या फॉलपासून. फ्रिस्को-प्लेनोच्या शाळांमध्ये लहानपणापासून त्या रँकसाठी धावणारी मुलं आहेत, त्यात हा अकरावीत जाऊन उभा राहणार. हुशार असेल तरी त्याच्यावर हे टाकावं का, हे तुम्ही ठरवा, माझं मत 'टाकू नये' असं आहे. मुलीचं सोपं आहे. भाऊ बारावी होईल तेव्हा ती सातवी संपवेल, हायस्कूलच्या आधी हलायला तो वेळ अगदी बरोबर.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, त्यांच्याबद्दल जास्त विचार हवा होता. त्यांना मेडिकॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर ते कॅलिफोर्नियाचं आहे, सामानाबरोबर येत नाही. टेक्सासने त्यांचं मेडिकेड (तसाच सरकारी विमा) जास्त लोकांपर्यंत वाढवलेलंच नाही आणि ग्रीनकार्डवर नुकत्याच आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे ते मिळणं फार कठीण आहे. मेडिकेअर (६५ च्या वरच्यांचा फेडरल आरोग्य विमा) विकत घ्यायला पाच वर्षं सलग इथलं वास्तव्य लागतं, त्यांची दोनच झालीत, म्हणजे मधली तीन वर्षं मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घेतलेला खासगी प्लॅन, सत्तरीच्या माणसाचा हप्ता किती येतो ते आजच बघून घ्या. आणि सासूबाई दुपारच्या वेळी काय करतात तेही बघा. इथे चालत देवळापर्यंत जातात, चार बायका भेटतात, महाराष्ट्र मंडळाची माणसं ओळखीची आहेत. डॅलसलाही मंडळ मोठं आहे, मराठी शाळा आहे, माणसं जीव लावणारी आहेत, पण तिथे प्रत्येक ठिकाणी कोणीतरी गाडीने न्यावं लागतं आणि उन्हाळ्यात बाहेर पाय ठेवता येत नाही. घरात एकटं बसलेलं म्हातारं माणूस वर्षभरात किती खचतं ते मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलंय.

हे सगळं वाचून मी जाऊच नका म्हणतेय असं वाटेल. तसं नाही. माझ्याकडे सॅन होजेला भाड्याने राहणारं एक तरुण जोडपं होतं, घर नाही, मूल लहान, दोघांच्याही कंपन्यांनी पगार न कापता रिमोट दिलं, त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं की नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात जा, इथे घरासाठी झुरण्यात तरुणपण घालवू नका. ते गेले, दोन वर्षांत घर झालं. त्यांच्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतं, तुमच्याकडे आहे.

एच-१बी, म्हणजे कामाच्या व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी एवढंच की दुसऱ्या मेट्रो भागात बदली म्हणजे एच-१बी ची अमेंडमेंट आधी फाइल व्हायला हवी, मग हलायचं. आणि ग्रीनकार्डचं लेबर सर्टिफिकेट जागेशी बांधलेलं असतं, ते बहुतेकदा परत करावं लागतं. आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, राहते, पण कंपनी पुन्हा सगळं करणार आहे का हे लेखी घ्या.

आणि गेलातच तर पूर्ण जा. नवरा ऑगस्टमध्ये गेला, बायको-मुलं शाळेसाठी जूनपर्यंत इथे, इथलं लायसन्स तसंच, मतदार नोंदणी इथेच, डेंटिस्ट इथला, असं अर्धवट झालं की फ्रँचाइज टॅक्स बोर्ड, म्हणजे कॅलिफोर्नियाचं इन्कम टॅक्स खातं, म्हणू शकतं की तुमचं खरं घर अजून कॅलिफोर्नियातच आहे. एका क्लायंटला असं पत्र आलं तेव्हा आम्ही बुटाच्या खोक्यात त्याची विजेची बिलं, ट्रकची पावती, कुत्र्याच्या डॉक्टरची बिलं, सगळं तारखेने लावत दोन रविवार बसलो होतो. आरएसयूचं, म्हणजे कंपनी पगारासोबत देते त्या शेअरचंही लक्षात ठेवा, ग्रँटपासून (शेअर कबूल केल्यापासून) व्हेस्ट होईपर्यंत (ते तुमचे होईपर्यंत) जितके दिवस तुम्ही इथे काम केलं तितक्या हिश्श्यावर कॅलिफोर्निया टॅक्स घेतं, शेअर टेक्सासमध्ये गेल्यावर हातात आले तरी. उलट ४०१ के आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांचं तसं नाही, १९९६ च्या फेडरल कायद्याने जुन्या राज्याला त्या पैशांवर हात लावता येत नाही. म्हणून ज्यांना टॅक्ससाठीच राज्य सोडायचंय त्यांना मी सांगते की इथे कमवा, इथे साठवा आणि निवृत्त होताना जा, तेव्हा फायदा खरोखर मोठा असतो.

तुम्ही "काही उरत नाही" लिहिलंय ते मला खटकतंय. १,८०० चा हप्ता आणि ३ लाख २० हजार पगार असताना काही उरत नसेल तर पैसे कुठेतरी जातायत, आणि ते टेक्सासलाही तसेच जातील. दोन गाड्यांची लीज, क्लासेस, उन्हाळ्यातली भारताची पाच तिकिटं, काय ते तुम्हालाच माहीत. गेल्या बारा महिन्यांची क्रेडिट कार्डची स्टेटमेंट काढून दोघं एकत्र बसा, आणि हे फ्रिस्कोचं घर बघायला जाण्याआधी करा.

माझं मत विचाराल तर मुलाची बारावी होईपर्यंत थांबा. नवऱ्याने कंपनीत विचारावं की ही बदली दोन वर्षांनी मिळेल का, हो म्हणतात की नाही ते तरी कळेल. या उन्हाळ्यात जुलैमध्येच, मुद्दाम, तीन आठवडे तिकडे भाड्याचं घर घेऊन सगळे राहून या, सासूबाईंना घेऊन. तोवर ताई तिकडच्या नोकऱ्यांना अर्ज करून बघा, मुलाखतीला बोलावतात का आणि आकडा काय सांगतात. कंपनीचं पत्र हातात आलं की ते, आरएसयूच्या ग्रँटच्या तारखा आणि सासूबाईंचं ग्रीनकार्ड घेऊन या, टेक्सासच्या बाजूचा हिशोब तेव्हा खऱ्या आकड्यांनी करू.